सरकारची कमाई ज्यावर, विकास त्याचाच? गोव्याच्या तिजोरीबद्दल थोडं

खातेवही (फोंडा)

नमस्कार मंडळी. अर्थसंकल्प मांडला की आमच्याकडे आठवडाभर चहाच्या टपरीवर सगळेच अर्थमंत्री होतात. २०२५-२६ चा गोव्याचा अर्थसंकल्प २८ हजार कोटींच्या वर गेला. २०११ च्या जनगणनेत आपण १४ लाख ५८ हजार होतो. आता थोडे वाढलो असं धरलं तरी डोईमागे पावणेदोन लाखांच्या आसपास पडतात. भल्याभल्या राज्यांना हेवा वाटावा अशी ही रक्कम आहे.

पण चर्चा सगळी खर्चाची. कुठल्या योजनेला किती, कुठल्या मतदारसंघात रस्ता, नोकरभरती किती. जमेच्या बाजूकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि घोडं पेंड खातंय ते तिथेच. सरकारला पैसा ज्या वाटेने येतो, त्या वाटेवरची झाडंच सरकार शिंपतं. बाकीची वाळली तरी तिजोरीला पत्ता लागत नाही.

खाणींचं घ्या. लोहखनिजावरची रॉयल्टी पूर्वी टनावर ठरलेली, किरकोळ. चीनने खनिज उचलायला सुरुवात केली आणि भाव आभाळाला भिडले, तरी सुरुवातीला तिजोरीत फारशी भर पडली नाही. ऑगस्ट २००९ पासून रॉयल्टी किमतीच्या १० टक्के झाली आणि मग मात्र पैशाचा ओघ सुरू झाला. २०१०-११ ला पाच कोटी टनांच्या वर खनिज गोव्यातून बाहेर गेलं. हे पैसे आपण दरवर्षीच्या कमाईत धरले. वडिलोपार्जित भाट (माडांची बाग) विकून त्या पैशात घरखर्च भागवणाऱ्याला आपण काय म्हणतो? सरकारला मात्र कोणी काही म्हटलं नाही, कारण वहीत ते ‘उत्पन्न’ म्हणूनच चढत होतं.

आता तारखा बघा. एप्रिल २०१२ मध्ये पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला. लिटरमागे ११ रुपये उतरले, देशभर नाव झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्याने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पाच-सहा महिन्यांत उत्पन्नाचे दोन पाय गेले. एक स्वतः कापलेला, दुसरा कापला गेलेला. पेट्रोलवरचा व्हॅट मग हळूहळू परत आला, तो का, हे वेगळं सांगायला नको.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. जीएसटी माल जिथे खपतो त्या राज्याला मिळतो, त्यामुळे पर्यटकांच्या राज्याचं यात नुकसान नाही. पण दर ठरवायचं काम केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेकडे गेलं. २०१५-१६ चा पाया धरून वर्षाला १४ टक्के महसूलवाढीची केंद्राची हमी होती, तीही जून २०२२ ला संपली. मग राज्याच्या स्वतःच्या हातात काय उरलं? पेट्रोल-डिझेल, दारू, वाहनं आणि जमीन. पेट्रोलला हात लावला की आरडाओरड. दारू महाग केली तर शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त असण्याचा फायदा जातो. राहिली जमीन. ती ओरडत नाही.

मुद्रांक शुल्क, नोंदणी, जमिनीचा झोन (शेती, वस्ती वगैरे) बदलायची चौरस मीटरवारी फी, २००९ च्या कायद्याने आलेला बांधकाम परवान्यावरचा पायाभूत सुविधा कर: हे सगळं जमीन हलली तरच मिळतं. भातशेती भातशेतीच राहिली तर तिजोरीला एक छदाम नाही. नगरनियोजन कायद्यात २०२३ ला कलम १७(२) घालून एकेका भूखंडाच्या झोनच्या ‘दुरुस्त्या’ सुरू झाल्या आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले, त्याकडे मी या चष्म्यातून बघतो. भ्रष्टाचार आहे की नाही ते बाजूला ठेवा. सगळे साधुसंत बसवले तरी अशा जमाखर्चात शेत विकलं गेलेलंच सरकारला परवडतं.

आणि हे पैसे एकदाच येतात. त्या जागी उभ्या राहिलेल्या सेकंड होमला नंतर पाणी, वीज, कचरा, रस्ता वर्षानुवर्षं द्यावा लागतो. पंचायत घरपट्टी काय घेते हे ज्याने पावती फाडली आहे त्याला माहीत आहे.

तुम्हाला काय वाटतं? बार्देश, तिसवाडीकरांनी जरूर लिहा.

घाटमाथा (कोल्हापूर)

वाचतोय. छान मांडणी. पण एक शंका. दरडोई उत्पन्नात गोवा देशात पहिल्या दोन-तीनात. मग केंद्राच्या करातला वाटा तुम्हाला कशाला हवा? आमच्या ऊसवाल्यांचे पैसे तुमच्या बीचवर. (दिवा घ्या, गंमत आहे.)

खातेवही

@घाटमाथा, दिवा घेतला, दूधही तुमचंच पितो. वित्त आयोगाच्या सूत्रात सगळ्यात मोठं वजन उत्पन्नातल्या अंतराला आहे, पंधराव्या आयोगात ४५ टक्के. तिथे श्रीमंत राज्य म्हणून गोव्याच्या वाट्याला अगदी थोडं येतं. पण क्षेत्रफळाच्या निकषात त्या आयोगाने लहान राज्यांना किमान २ टक्के धरले, त्याने सावरलं. तेराव्या आयोगात आपला हिस्सा ०.२६६ टक्के होता, चौदाव्यात ०.३७८, पंधराव्यात ०.३८६. म्हणजे केंद्र राज्यांना वाटतं त्या शंभर रुपयांतले चाळीस पैसेसुद्धा नाहीत. तुमच्या उसाला धक्का नाही.

वाळपईची

खातेवही, धागा चांगला आहे, पण टपरीवर ‘गृह आधार म्हणजे मतांची खिरापत’ हे जे चालतं ते इथेही थोड्याच वेळात येईल, म्हणून आधीच लिहिते.

गृह आधारचे, म्हणजे राज्य सरकार गृहिणींना दरमहा देतं ते, १५०० रुपये माझ्या सासूबाईंच्या वेळी नव्हते. माझ्या खात्यात येतात. पासबुक समोर आहे. गॅस सिलिंडर, मुलाच्या शिकवणीचे पैसे, बचत गटाचा हप्ता. एकदा त्यातून शिवणयंत्राची मोटर बदलली, ते यंत्र आज महिन्याला त्याहून जास्त देतं. हे कुठल्या अर्थशास्त्रात बसतं मला ठाऊक नाही. पण पेट्रोल ११ रुपयांनी उतरलं तेव्हा आमच्या घरी एकच स्कूटर होती आणि भाड्याच्या गाड्यांतून फिरणारे पर्यटक टाकी फुल्ल करत होते. त्याला खिरापत कोणी म्हटलं नाही.

वाटाणा_फुटाणा

+१ वाळपईची. दंडवत.

हरभऱ्याचं_झाड (पर्वरी)

वाळपईतै, भावना पोचल्या, पण आकडे निर्दय असतात. दिल्लीच्या एनआयपीएफपी या संस्थेतल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये काढलेला हिशेब प्रसिद्ध आहे. सरकारने भांडवली कामावर १ रुपया घातला तर अर्थव्यवस्थेत २.४५ रुपयांची भर पडते, थेट हस्तांतरणावर घातला तर ०.९८ ची. केंद्र सरकार सगळीकडे पूल-रस्ते काढत सुटलंय त्यामागे हाच आकडा आहे. राज्यांना ५० वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज २०२०-२१ पासून मिळतंय तेही भांडवली खर्चालाच. मांडवीवरचा अटल सेतू, नवा जुवारी पूल, मोपा विमानतळ. याला विकास म्हणतात. गृह आधारला समाजकल्याण म्हणा, हरकत नाही.

खातेवही

@हरभऱ्याचं_झाड, आकडा बरोबर, पण तो अख्ख्या भारताचा आहे. भारतात पैसा पंजाबातून तामिळनाडूत गेला तरी हिशेबाच्या आतच राहतो. गोवा म्हणजे उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटर. इथला रुपया दोन-तीन हात बदलला की चोर्ला घाटाच्या वर.

गृह आधारचे पैसे घेऊन बाजारात जा. भाजी बेळगावची. आपल्या फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यावर सरकार सवलतीत भाजी विकतं, तीही बहुतेक घाटावरूनच येते. म्हणजे सवलत आपली आणि उत्पादन शेजारच्याचं. कांदे-बटाटे, तांदूळ, अंडी सगळं वरून. मासे तेवढे आपले म्हणायचे तर सुरमई कारवारहून नाहीतर मालवणहून आलेली.

आता पुलाचं. सिमेंट बाहेरचं, लोखंड बाहेरचं, कंत्राटदार बाहेरचा, मजूर झारखंड-ओडिशाचा आणि त्याची मजुरी शनिवारी त्याच्या गावी. बांधकाम चालू असताना त्या २.४५ मधलं गोव्यात किती उरतं? मला वाटतं फार थोडं. पूल बांधून झाल्यावर जे होतं ते खरं: जुवारीवर ताटकळणं संपलं, रुग्णवाहिका बांबोळीच्या सरकारी इस्पितळात वेळेत पोचते. तो फायदा मी मानतो. पण पूल बांधल्याने पैसा फिरला आणि गोवा सुधारला, हे गणित इथे लागू होत नाही.

उलट वाळपईबाईंची शिवणयंत्राची मोटर गोव्यातच राहिली.

हरभऱ्याचं_झाड

मोटर पण कोइम्बतूरची असणार हो.

वाळपईची

मोटर कुठलीही असूदे, शिवणारी वाळपईची आहे. ब्लाउजची शिलाई कोइम्बतूरला जात नाही.

डिचोलीचा_ट्रक

मी फार शिकलेला नाही, सांभाळून घ्या.

खातेवहींनी खाणींचा पैसा तिजोरीत कसा आला ते लिहिलं, तो आमच्याकडे कसा आला ते मी सांगतो. आमच्या वाड्यावर प्रत्येक घरापुढे ट्रक होता. सरकारी नोकरी नाही, शेती खाणीच्या मातीने बसलेली, मग कर्ज काढून ट्रक. ट्रिपेवर पैसे. बँकवाले घरी येऊन कर्ज देत होते, तेव्हा साहेब चहासुद्धा आमच्याकडेच घ्यायचा. २०१२ ला बंद झालं तसा साहेबही यायचा बंद झाला. ट्रक दारात उभा राहिला. पावसाळ्यात टायर जमिनीत रुतले, हौद्यात दुधीचा वेल चढला. सरकारने ट्रक आणि बार्जवाल्यांना मदत दिली, कर्जात सवलत दिली, खोटं कशाला बोलू. पण हप्त्याच्या मानाने ती मदत म्हणजे हत्तीच्या तोंडात जिरं.

२०१४ ला कोर्टाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली. पुन्हा ट्रक दुरुस्त केला. फेब्रुवारी २०१८ ला सगळ्या ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द, मार्चपासून पुन्हा बंद. माझ्यासारख्याने आता काय ते सांगा. सरकारने त्या चांगल्या वर्षांत पैसा बाजूला ठेवला असता तर? आम्ही खुळे होतो हे कबूल, पण सरकारात तर हिशेबनीस बसतात ना?

खाजनातला_खेकडा (तिसवाडी)

ट्रकबाब, बाजूला ठेवायची अक्कल गोव्याला नव्हती असं नाही. जुन्या गावकाऱ्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादी, हेच करत होत्या. १५२६ च्या फोरालमध्ये (सनदेत) पोर्तुगीजांनी त्यांचे रिवाज लिहून घेतले, म्हणजे रिवाज त्याआधीचे.

शेतांची पावणी व्हायची. जास्त बोली लावेल त्याला शेत. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, मासळीचीही पावणी. जमा झालेल्या पैशातून आधी बांध. खाजन म्हणजे खाऱ्या नदीच्या पातळीच्या खालची शेती, एका भरतीला बांध फुटला तर दोन-तीन वर्षं भात नाही. म्हणून चिखल, पेंढा, चिऱ्याचं काम, मानशीच्या फळ्या, राखणदाराचं वेतन, हे सगळं पहिलं. मग देवळाचा खर्च, मग सरकारचा सारा. हे सगळं भागून उरलं तर गावकारांत झोण, म्हणजे उरलेल्याचा वाटा, वाटायची. बांध पडला त्या वर्षी झोण नाही, आणि कोणी कुरकुरलं तर त्याचंच शेत पाण्यात.

भांडवली खर्च आधी, वाटप नंतर. हरभऱ्याच्या झाडाला हवंय तेच, फक्त माणसं गावातली आणि चिखलही गावातला, त्यामुळे पैसा घाट चढत नव्हता.

पुढे कूळ कायदा आला, शेत कुळाचं झालं. ते न्याय्यच झालं, गावकारीत बायकांना आणि खालच्या जातींना काय स्थान होतं ते सांगायला बसलो तर दुसरा धागा होईल. पण बांधाची जबाबदारी कूळ संघ आणि सरकारी खातं यांच्यात लोंबकळत राहिली. आमच्या गावात बांध फुटलाय, शेतात कांदळवन वाढलंय. आता ते शेत ‘पडीक’ म्हणून दाखवता येतं. पडीक जमिनीचं पुढे काय होतं ते मूळ लेखात आलंच आहे.

वाटाणा_फुटाणा

धाग्याचं भाताचं शेत झालं. भारी. कॅसिनो कुठे राहिले? मांडवीत सहा-सात तरंगतायत आणि तुम्ही मानशीवर!

खातेवही

@वाटाणा_फुटाणा, कॅसिनोचा मुद्दा लोकांना वाटतो तेवढा सरळ नाही. परवाना शुल्क राज्याचं, ते बऱ्यापैकी आहे. पण ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी आला, सप्टेंबर २०२५ ला तो ४० झाला. त्यातला अर्धा केंद्राचा. दर ठरवण्यात गोव्याचं परिषदेत एक मत. कॅसिनो मांडवीतून हलवू असं प्रत्येक सरकार म्हणतं आणि प्रत्येक सरकार मुदत वाढवतं. खाणी बंद असलेल्या वर्षांत ही मुदतवाढ कोणाला नाकारता आली असती? जमेच्या बाजूला पर्याय नसला की तत्त्वं अशी लवचीक होतात.

हरभऱ्याचं_झाड

ठीक, आता उपाय बोला. सगळे रडतायत. माझ्या मते: सेकंड होमवर दरवर्षी चांगला तगडा मालमत्ता कर. बंद घरावर दुप्पट. मुद्रांक शुल्क एकदाच येतं ही तुमची तक्रार त्याने मिटते, आणि जमीन विकली गेली नाही तरी उत्पन्न चालू राहतं. मी पर्वरीत राहतो, आमच्या इमारतीत निम्म्या फ्लॅटना वर्षातून दोनदा दिवे लागतात. लिफ्टचा खर्च आम्ही भरतो.

खाजनातला_खेकडा

चक्क सहमत! तारीख लिहून ठेवतो. पण घरपट्टी पंचायत-पालिकेच्या हातात. पंच मंडळी इथल्यांची घरपट्टी वाढवायला घाबरतात, म्हणून सगळ्यांची कमीच ठेवतात. इथे राहणाऱ्याला सूट आणि बंद घराला जादा, असा फरक कायद्यातच केला तर जमेल.

वाळपईची

आणि त्यातला वाटा आमच्या सत्तरी तालुक्याला पण द्या. पाणी आमच्याकडून जातं, जंगल आम्ही सांभाळतो, फ्लॅट मात्र तुमच्याकडे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना जंगलासाठी १० टक्के वजन दिलं म्हणे. मग राज्याने तेच तालुक्यांना का देऊ नये?

खातेवही

वाळपईबाईंचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता इतका नेमका आहे. राज्य केंद्राकडे सूत्र मागतं, पण स्वतः पंचायतींना देताना सूत्र कुठे? आमदार कोण, मंत्रिपद आहे का, हेच सूत्र.

ट्रकबाबांच्या ‘बाजूला ठेवला असता तर’ याबद्दल: एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीच्या १० टक्के रक्कम गोवा लोहखनिज कायम निधीत टाकायला सांगितली. गोवा फाउंडेशनने याचिका केली होती. म्हणजे जे काम अर्थसंकल्पाने करायचं ते न्यायालयाने सांगितलं. खनिज संपेल तेव्हाच्या पिढीसाठी मुद्दल राखायची अशी कल्पना आहे. नॉर्वे तेलाच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर हेच करतो. तीच शिस्त जमिनीच्या पैशाला का नको? झोन बदलाची आणि मुद्रांकाची वाढीव कमाई पगारात न घालता बांध, पाणी, शाळा यांतच घालायची, एवढा जरी नियम केला तरी अर्थखात्याची शेतं विकायची घाई थोडी कमी होईल.

ज्यांना स्वतः आकडे बघायचे असतील त्यांनी अर्थसंकल्पाचा जमेचा भाग उघडावा. खर्चाची पुस्तकं जाडजूड, हे त्यामानाने पातळ. लेखाशीर्ष ०००६ राज्य जीएसटी, ००२९ जमीन महसूल, ००३० मुद्रांक व नोंदणी, ००३९ अबकारी, ००४० विक्रीकर म्हणजे पेट्रोल-डिझेल, ००४१ वाहने, ०८५३ खनिज. ही सात शीर्षं दहा वर्षांची शेजारीशेजारी लिहून काढा. मी कागदावर पेन्सिलीने काढली आहेत. कुठल्या वर्षी सरकारला काय गोड वाटत होतं ते सरळ दिसतं.

घाटमाथा

आमच्याकडचं असं काढून बघतो. ००३९ बघायची भीती वाटते.

डिचोलीचा_ट्रक

त्या ०८५३ मध्ये खाणीच्या गावांसाठीचा पैसा पण येतो का? जिल्हा खनिज फाउंडेशन म्हणतात तो. आमच्याकडे टँकर त्यातून येतो असं पंच सांगतो.

खातेवही

नाही. तो ट्रस्ट आहे, अर्थसंकल्पाच्या बाहेर, त्याचा हिशेब वेगळा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आला. जुन्या लीजांना रॉयल्टीच्या ३० टक्के भरावे लागत, लिलावातून दिलेल्या नव्यांना १० टक्के. डिसेंबर २०२२ ला पहिला लिलाव झाला तो तुमच्याच डिचोली ब्लॉकचा, तो १० टक्केवाल्यांत येतो.

डिचोलीचा_ट्रक

म्हणजे आम्हाला कमी? आणि लिलावात जास्त बोली लागली ती?

खातेवही

तो प्रीमियम. राज्याच्या तिजोरीत जातो. ०८५३.